आधी कान, मग डोळे : घरून थेट प्रक्षेपण करताना काय घ्यावे, काय घेऊ नये

(मंडळाच्या श्रावण व्याख्यानमालेत, इंदूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रावण लागला की आम्हाला फोन यायला सुरुवात होते. आम्ही म्हणजे मंडळाच्या कार्यक्रमांचे थेट प्रक्षेपण सांभाळणारे चार-पाच जण. कुणाची मुलगी टोरोंटोला आहे, कुणाचा भाऊ पुण्याला, कुणाच्या सासूबाई याच शहरात पण अंथरुणाला खिळलेल्या. सगळ्यांना घरचा गणपती आणि घरची आरती दाखवायची असते. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "लॅपटॉप कोणता घेऊ?" दुसरा प्रश्न, "कॅमेरा कोणता घेऊ?" आवाजाचे काय करू, हे विचारणारे शंभरात दोनसुद्धा नसतात.

आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे की ही क्रमवारी उलटी आहे. पैसा आधी आवाजावर घालावा, मग इंटरनेटच्या जोडणीवर, मग उजेडावर, मग कॅमेऱ्यावर आणि सर्वांत शेवटी संगणकावर. दुकानात क्रम नेमका उलटा सांगतात, कारण सर्वांत महाग वस्तू संगणक असते. त्यात दुकानदाराचा दोष नाही. आपण गरज सांगितली नाही तर तो त्याच्याकडे आहे ते दाखवणारच.

आमच्यातले काही जण सरकारी नोकरीत आहेत. कचेरीत साधी खुर्ची घ्यायची तरी आधी मागणीपत्रक लागते : कशासाठी, किती, कुठे ठेवणार. मग तीन दरपत्रके. लोक या पद्धतीला हसतात, पण घरच्या खरेदीला ती फार उपयोगी आहे. तेव्हा आपणही आधी मागणीपत्रक भरू.

पहिला रकाना : कुणासाठी?

घरचे सात-आठ जण बघणार असतील तर थेट प्रक्षेपणाची गरजच नाही. साधा व्हिडिओ कॉल पुरतो. त्यात समोरचे दिसतात, बोलतात, नातवंडे हात जोडतात, आजोबांना ते बघता येते. आरती झाल्यावर "प्रसादाला काय केलंय?" असे तिकडून कुणीतरी विचारते. हा दुतर्फी व्यवहार आहे. यूट्यूबवरचे प्रक्षेपण एकतर्फी असते. आपण दाखवतो, ते बघतात, आणि मध्ये काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत अंतर पडते. पन्नास-शंभर माणसे बघणार असतील, किंवा कुणाला नंतर सवडीने बघायचे असेल, तर यूट्यूब बरे.

एक गोष्ट दोन्हींत कठीण आहे. तिकडच्यांनी टाळ्या वाजवून आपल्या आरतीत साथ द्यायची ठरवली, तर ती साथ कधीच जुळणार नाही. व्हिडिओ कॉलमध्येही आवाज पोहोचायला थोडा वेळ लागतोच, आणि तेवढ्यात ताल निसटतो. म्हणून तिकडच्यांना सांगावे की तुमचा माइक बंद ठेवून आमच्याबरोबर म्हणा. त्यांना ते अगदी तालात ऐकू येईल.

दुसरा रकाना : किती वाजता?

याला एक पैसा लागत नाही, तरी हाच रकाना बहुतेक जण विसरतात. आपली रात्री आठची आरती म्हणजे लंडनला दुपारचे साडेतीन, न्यूयॉर्क-टोरोंटोला सकाळचे साडेदहा, कॅलिफोर्नियात सकाळचे साडेसात आणि सिडनीत मध्यरात्र उलटून अर्धा तास. टोरोंटोची नातवंडे साडेदहाला शाळेत असतात. त्यांना खरोखर आरतीत घ्यायचे असेल तर आपली सकाळची साडेसातची आरती धरावी. तिकडे तेव्हा आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. कॅमेरा बदलून जे साधत नाही, ते वेळ बदलून साधते.

आता सामानाकडे वळू.

आवाज

एका घरची गोष्ट सांगतो. आपल्या मंडळातल्या एका काकूंचे खुब्याचे हाड मोडले आणि त्या वर्षी त्यांना माहेरच्या गणपतीला जाता आले नाही. भाच्यांनी नवा मोबाइल देवघरासमोरच्या कपाटावर ठेवला आणि कॉल लावला. चित्र सुरेख होते, मूर्तीच्या डोळ्यांतले पाणीसुद्धा दिसत होते. पण ऐकू येत होती फक्त झांज. काकू म्हणाल्या, "बंद कर रे, नुसता गोंगाट आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावले. आम्ही नवे काही नेले नाही. एक तारेचा कॉलर माइक होता, तो अथर्वशीर्ष म्हणणाऱ्यांच्या पुढ्यात, हातभर अंतरावर ठेवला आणि झांजवाल्या मुलाला पलीकडच्या दाराशी उभे केले. चित्र होते तेच राहिले. काकूंनी मात्र डोळे मिटले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत अथर्वशीर्ष त्यांच्याबरोबर म्हटले. मोबाइलच्या पडद्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

यामागचे शास्त्र सोपे आहे. उघड्या जागेत माइकचे अंतर दुप्पट केले की त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश होते. अंतर चौपट केले की सोळावा हिस्सा. घरात भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून तो इतका कमी झाल्यासारखा वाटत नाही, पण माइकमध्ये शिरतो तो प्रतिध्वनी, आणि शब्द पुसट होतात. म्हणून बारा फुटांवरच्या महागड्या माइकपेक्षा हातभर अंतरावरचा साधा माइक चांगला. आपल्या घरांत फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, त्यामुळे आवाज घुमतो. खाली सतरंजी घाला, खिडकीला जाड पडदा लावा, समोरच्या भिंतीला दिवाण असेल तर त्यावर गोधडी टाका. हे सगळे घरातच असते.

माइक निवडताना चार प्रकार लक्षात ठेवावेत. एकच माणूस बोलणार असेल, म्हणजे कथा, प्रवचन किंवा शिकवणी, तर कॉलर माइक घ्या. तारेचा चालतो, बिनतारीही चालतो. बिनतारी घेतलात तर त्याची बॅटरी चार्ज करायची आठवण कुणाला तरी ठेवावी लागेल. टेबलाभोवती दोन-चार जण म्हणणार असतील तर थेट संगणकाला लागणारा यूएसबी माइक घ्या. गाण्याची बैठक असेल, गायक, तबला, पेटी असे, तर दोन माइक आणि मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी लागते. कंडेन्सर जातीचा माइक असेल तर त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो ही पेटी देते. चौथा प्रकार मंडळासारख्या ठिकाणचा. तिथे आधीच मिक्सर असतो. मग नवा माइक नकोच. मिक्सरमधून बाहेर जाणारी लाइन घ्यावी. मात्र ती मोबाइलच्या माइकच्या भोकात थेट खुपसू नये. मिक्सरचा सिग्नल मोबाइलला झेपत नाही, आवाज फाटतो. मध्ये इंटरफेस हवाच.

खरेदी करताना पिन बघा. मोबाइलच्या गोल पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या माइकला दोन. दोन रेघांची पिन मोबाइलमध्ये बसते, पण बहुतेक वेळा माइक चालत नाही, आणि माणूस समजतो माइक बिघडला. बऱ्याच नव्या मोबाइलना गोल भोक नसतेच, तिथे टाइप-सी लागते. ब्लूटूथच्या इयरफोनचा माइक प्रक्षेपणाला वापरू नये. तो फोनवर बोलण्यापुरता ठीक असतो, गाण्याचा आवाज त्यात डब्यातून आल्यासारखा येतो.

आणखी एक. व्हिडिओ कॉलची ॲप्स माणसाचा आवाज ठेवतात आणि बाकीचा आवाज गोंगाट समजून काढून टाकतात. ऑफिसच्या मीटिंगला ते उत्तम आहे. आपल्या आरतीत ते घंटा खाते, टाळ खाते, तंबोरा तर पूर्ण गिळते. झूममध्ये संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' अशी वेगळी सोय आहे, ती चालू करावी. एवढ्या एका बटणाने पुष्कळ फरक पडतो.

इंटरनेटची जोडणी

आपण इंटरनेट घेताना 'शंभरचा प्लॅन', 'दोनशेचा प्लॅन' म्हणतो. बहुतेकदा तो आकडा आपल्याकडे येणाऱ्या वेगाचा असतो. प्रक्षेपणाला लागतो बाहेर जाणारा वेग, म्हणजे अपलोड. तो वेगळा तपासावा, आणि तपासणी आरतीच्या वेळेला, आरतीच्याच खोलीत करावी. दुपारी दोनला दिवाणखान्यात आलेला आकडा रात्री आठला देवघरात खरा ठरेलच असे नाही.

७२० रेषांच्या चित्राला, ज्याला एचडी म्हणतात, साधारण ४ एमबीपीएस लागतात. १०८० ला त्याहून बरेच जास्त. ज्या आकड्यावर प्रक्षेपण करणार, त्याच्या दुप्पट अपलोड हाताशी असावा. म्हणजे ४ साठी ८. अपलोड कमी असेल तर १०८० चा हट्ट सोडावा. अडखळणाऱ्या मोठ्या चित्रापेक्षा न अडखळणारे लहान चित्र बरे. बघणारे बहुतेक जण मोबाइलवरच बघतात, तिथे फरक फारसा कळतही नाही.

मोबाइल डेटावर करणार असाल तर हिशोब मांडा. ४ एमबीपीएसने तासभर प्रक्षेपण केले तर सुमारे १.८ जीबी जातात. रोज दीड जीबीचा प्लॅन असेल तर आरती मंत्रपुष्पांजलीपर्यंत पोहोचायच्या आत डेटा संपेल. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या गर्दीतून मोबाइलवर प्रक्षेपण करायचा विचार तर करूच नका. लाखभर माणसे त्याच टॉवरवर असतात. तेव्हा रेकॉर्ड करावे आणि घरी येऊन पाठवावे.

वाय-फायपेक्षा तार चांगली. राउटरपासून संगणकापर्यंत कॅट-६ ची तार ओढली की निम्मी दुखणी संपतात. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते, आपले घर एवढे मोठे नसते. लॅपटॉपला तारेची जागा नसेल तर यूएसबीला लागणारा लहान ॲडॅप्टर मिळतो. तार ओढणे शक्यच नसेल तर राउटर आणि मोबाइल एकाच खोलीत आणून ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वापरावे. भिंत मध्ये आली की ते लगेच कमकुवत होते, हे ध्यानात ठेवावे. आणि आरतीच्या वेळी घरातल्या सर्व मोबाइलचे फोटो आपोआप वर चढवणे बंद ठेवावे. शेजारच्या खोलीत टीव्हीवर सिनेमा चालू असला तर तो येणारा वेग खातो. फोटो मात्र जाणारा वेग खातात, आणि आपल्याला तोच हवा असतो.

उजेड आणि कॅमेरा

कॅमेरा म्हणून घरातला बऱ्यापैकी मोबाइल पुरतो. त्याचा मागचा कॅमेरा बहुतेक वेबकॅमपेक्षा चांगला असतो. त्याला एक घट्ट तिपाई घ्यावी. मोबाइल आडवा ठेवावा. येणारे कॉल बंद करावेत, नाहीतर ऐन आरतीत कुणा बँकेचा कर्ज हवे का विचारणारा फोन येतो आणि प्रक्षेपण थांबते. चार्जिंगला लावून तासभर चालवला की मोबाइल तापतो. कव्हर काढून ठेवावे, आणि त्याला समईपासून दूर ठेवावे.

आपल्या मखराला भरपूर दिव्यांच्या माळा असतात. डोळ्याला ते सुंदर दिसते. कॅमेरा मात्र सगळ्यांत तेजस्वी भाग बघून बाकीचे काळे करतो आणि मूर्तीचा चेहराच अंधारात जातो. उपाय दोन. पहिला, मूर्तीच्या मागच्या माळा थोड्या मंद कराव्यात आणि समोरून, किंचित वरून, एक साधा पांढरा एलईडी पडद्याआडून द्यावा. दुसरा, मोबाइलच्या पडद्यावर मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरावे. बहुतेक मोबाइलमध्ये त्यामुळे उजेडाचे माप तिथेच कायम होते. माणसांच्या बाबतीत नियम एकच : खिडकी पाठीशी नको, समोर हवी.

एलईडीच्या उजेडात चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. काही वेबकॅम ६० वर लावलेले येतात. सेटिंगमध्ये तो आकडा ५० केला की पट्टे बहुधा जातात. कॅमेरा नवा घेण्याआधी हे करून बघावे.

लग्नात घेतलेला डीएसएलआर घरात असेल तर तोही चालेल. पण त्याचे चित्र संगणकात आणायला कॅप्चर कार्ड लागते, आणि कॅमेऱ्याच्या एचडीएमआय मधून पडद्यावरच्या खुणा वगळून स्वच्छ चित्र बाहेर येते का, हे आधी तपासावे लागते. बॅटरीऐवजी भिंतीच्या विजेवर चालण्याची सोय हवी, आणि आपोआप बंद होण्याची वेळ काढून टाकावी. एवढे सांभाळणारे कुणी घरात नसेल तर डीएसएलआर कपाटातच बरा.

संगणक

आता शेवटी तो प्रश्न, लॅपटॉप कोणता?

नुसत्या मोबाइलवरून करणार असाल तर कोणताच नको. दोन कॅमेरे, खाली पट्टीवर नाव, मध्ये एखादे छायाचित्र असे हवे असेल तरच संगणक. त्यासाठीचे ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. कुणी पैसे घेऊन ते 'टाकून देतो' म्हणाले तर देऊ नका.

संगणकाचे यातले काम म्हणजे चित्राची गठडी बांधणे. येणारे चित्र मोठे असते, ते दाबून लहान करून पाठवायचे. हे काम प्रोसेसर करू शकतो, किंवा चिपमध्ये त्यासाठी वेगळा विभाग असतो तो करू शकतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत असा विभाग गेली दहाहून अधिक वर्षे आहे. ओबीएसच्या सेटिंगमध्ये तो निवडला की चार-पाच वर्षांपूर्वीचा साधा लॅपटॉपही आरतीचे प्रक्षेपण आरामात करतो. ८ जीबी रॅम चालते, १६ असेल तर निर्धास्त. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या जातीची असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. नव्या लॅपटॉपच्या खर्चाच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो, आणि जुन्या यंत्रात जीव येतो.

इथे घरोघरचे चिरंजीव नाराज होतात. त्यांना वेगळे ग्राफिक कार्ड हवे असते. गेम खेळता खेळता त्याचे प्रक्षेपण करायचे असेल तर ते खरे आहे, कारण एकच संगणक दोन जड कामे करतो. पण ती गरज गेमची आहे, गणपतीची नव्हे. मागणीपत्रकात ती वेगळ्या ओळीत लिहावी आणि वडिलांची सही वेगळी घ्यावी.

लॅपटॉप चार्जरवर असताना आवाजात घूं-घूं येते, असे अनेक जण सांगतात. चार्जर काढून बघावा. आवाज गेला तर दोष विजेच्या जोडणीत, बहुधा अर्थिंगमध्ये आहे. माइक बदलून उपयोग नाही. तीन पिनांचा प्लग, एकच एक्स्टेन्शन बोर्ड, आणि घरच्या वायरिंगची तपासणी, एवढेच करावे. अर्थिंगची तपासणी तर प्रक्षेपण करा न करा, करावीच.

वीज

लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे, असे आपण म्हणतो. पण काही इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, तरी आपल्या राउटरच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पियर बघूनच घ्यावा. फायबरची वेगळी पेटी असेल तर तिलाही तोच आधार हवा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, मोबाइललाही. म्हणजे राउटर सांभाळला की आरती तुटत नाही.

तारा जमिनीवर चिकटपट्टीने दाबून टाकाव्यात. आरतीच्या गर्दीत ताम्हन, निरांजन घेतलेली माणसे फिरत असतात. तारेत पाय अडकणे ही कॅमेऱ्यापेक्षा मोठी गोष्ट आहे.

खाते, हक्क आणि खाजगीपणा

यूट्यूबवर प्रक्षेपणाची सोय पहिल्यांदा चालू करायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात. चतुर्थीच्या सकाळी ती चालू करायला गेलात तर गणपती बसतील आणि तुम्ही वाट बघत बसाल. मोबाइलवरून थेट करायला खात्याला किमान ५० सदस्य लागतात. संगणकावरून करताना ही अट नाही. २०२५ च्या जुलैपासून सोळा वर्षांखालच्यांना स्वतंत्रपणे थेट प्रक्षेपण करता येत नाही. तेव्हा मुलांच्या खात्यावरून करू नये, मोठ्यांचे खाते वापरावे.

आरतीची रेकॉर्ड मागे लावू नये. आरतीचे शब्द शेकडो वर्षांचे आहेत, त्यांवर कुणाचा हक्क नाही. पण एखाद्या गायिकेने गायलेल्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क असतो. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते, आणि आवाज बंद होतो किंवा प्रक्षेपणच अडते. आपण स्वतः म्हटलेली आरती बेसूर असली तरी आपली असते.

आणि हे विशेष लक्षात ठेवावे. घरचे प्रक्षेपण सर्वांसाठी खुले करू नये. 'अनलिस्टेड' असा पर्याय आहे, त्यात ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसते. लिंक पुढे पाठवू नका, असे नातेवाइकांना स्पष्ट सांगावे. कारण कॅमेऱ्यात चांदीची मूर्ती दिसते, घराची मांडणी दिसते, मुले दिसतात. आलेल्या पाहुण्यांनाही विचारावे. कुणाला दिसायचे नसेल तर त्यांना कॅमेऱ्याच्या मागची जागा द्यावी.

किती खर्च?

पहिली पायरी : घरचा मोबाइल, तिपाई, तारेचा कॉलर माइक. साधारण दीड-दोन हजारांत होते. दहा घरांपैकी आठ घरांना यापुढे जायची गरज नाही. दुसरी पायरी : घरचाच लॅपटॉप, यूएसबी माइक, कॅट-६ ची तार, एक एलईडी, राउटरचा यूपीएस. आठ-दहा हजारांत बसते. शिकवणी घेणारे, पोथी वाचणारे, गाणे शिकवणारे यांनी इथवर यावे. तिसरी पायरी म्हणजे इंटरफेस, दोन चांगले माइक, कॅमेरा, कॅप्चर कार्ड, नवा संगणक. ही पायरी एका घराने चढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहा दिवसांसाठी घेतलेले सामान उरलेले वर्ष कपाटात पडते आणि पुढच्या गणपतीला त्याची पिन जुनी झालेली असते.

म्हणून आम्ही मंडळासमोर एक सूचना ठेवतो. मंडळाने अशी एक पेटी तयार करावी आणि सभासदांना नोंदवहीत सही घेऊन दोन-दोन दिवसांसाठी द्यावी. पूर्वी सतरंज्या आणि मोठी पातेली अशीच मंडळातून घरोघरी जात. पेटीबरोबर दोन तरुण मुले तयार करावीत. शिकवायला आम्ही येऊ.

आवाजाला पहिली जागा देण्याचे आमचे कारण फक्त तांत्रिक नाही. आपल्यातली कितीतरी घराणी होळकरांच्या काळापासून माळव्यात आहेत. मुले हिंदीत नाहीतर इंग्रजीत शिकली, बाजारात हिंदी, कचेरीत हिंदी. तरी आपली मराठी इथे टिकली, ती वाचून कमी आणि ऐकून जास्त टिकली. आजीच्या तोंडची आरती, आजोबांचे अथर्वशीर्ष, मंत्रपुष्पांजली म्हणताना कुठे थांबायचे, हे कुणी पुस्तकातून शिकले नाही. टोरोंटोतल्या मुलाला मूर्तीचे चित्र शंभर ठिकाणी मिळेल. त्याच्या आजीचा 'ळ' त्याला दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

म्हणून प्रक्षेपण करताना ते रेकॉर्डही करावे, ओबीएसमध्ये त्याचे वेगळे बटण आहे. ती फाइल दोन ठिकाणी ठेवावी, वर्ष आणि म्हणणाऱ्यांची नावे लिहून. हे आवाज आज घरात आहेत म्हणून आपण त्यांना गृहीत धरतो.

चतुर्थीच्या आधी दोन दिवस एक रंगीत तालीम करा, त्याच वेळी, त्याच खोलीत, झांजेसकट. तिकडच्या एका माणसाला फक्त एवढेच विचारा, "शब्द कळतात का?" तो 'हो' म्हणाला की सामान पुरेसे आहे, पुढे एक रुपयाही घालू नका. आणि दहा दिवसांत मोबाइल सांभाळणारा माणूस रोज बदला. एकाच मुलाने दहाही दिवस पडद्याकडे बघत राहायचे आणि बाप्पाकडे पाठ करायची, हे बरे नाही.

 ज्यांना आपला माइक किंवा लॅपटॉप तपासून हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी तो मंडळात घेऊन यावा. चार्जर विसरू नये.

गणपती बाप्पा मोरया!